जर्मनीचा विद्यार्थी व्हिसा आणि निवास परवाना

जर्मनीत पदवी किंवा पदव्युत्तर शिक्षणासाठी जाणाऱ्या भारतीय विद्यार्थ्याला दोन परवानग्या घ्याव्या लागतात. निघण्यापूर्वी ‘डी’ प्रकारचा राष्ट्रीय व्हिसा आणि तिथे पोहोचल्यावर निवास परवाना. व्हिसा जर्मन वकिलात देते. महाराष्ट्रातले अर्ज मुंबईच्या वाणिज्य दूतावासाकडे जातात. परवाना मात्र विद्यार्थी ज्या शहरात राहील तिथले परदेशी नागरिक कार्यालय देते. व्हिसाची मुदत बहुधा तीन ते सहा महिन्यांची असते, त्यामुळे पासपोर्टवर शिक्का पडला म्हणजे काम झाले असे समजणे महागात पडू शकते.

भारतीय अर्जदारांना १ नोव्हेंबर २०२२ पासून एपीएस प्रमाणपत्र जोडावे लागते. गुणपत्रिका आणि पदव्या खऱ्या आहेत ना, हे दिल्लीतले ‘एपीएस’ नावाचे कार्यालय तपासून हे प्रमाणपत्र देते. याला वेळ लागतो, म्हणून प्रवेशपत्राची वाट न पाहता हा अर्ज आधी करावा. आपल्याकडच्या दहावी-बारावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी येते आणि आईचे नाव वेगळे छापलेले असते. पासपोर्टवर मांडणी निराळी असते. सगळ्या फॉर्मवर पासपोर्टवरचेच नाव अक्षरशः तसेच लिहावे.

घराघरांत सर्वाधिक धास्ती असते ती ‘ब्लॉक्ड अकाउंट’ची. सप्टेंबर २०२४ पासून त्यात एका वर्षासाठी ११,९०४ युरो दाखवावे लागतात. ही फी नव्हे. पैसे विद्यार्थ्याच्याच नावावर राहतात आणि तिथे गेल्यावर दरमहा ९९२ युरो त्याला काढता येतात. व्हिसा नाकारला गेला तर रक्कम परत मिळते. जर्मन सरकार गरजू विद्यार्थ्यांना जी शिक्षणमदत देते, तिच्या दराशी हा आकडा जोडलेला आहे. शिष्यवृत्ती असेल किंवा जर्मनीत राहणाऱ्या कुणी खर्चाची रीतसर हमी घेतली, तर या खात्यावाचूनही भागते. बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणी शुल्क नाही; बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्य मात्र युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांकडून २०१७ पासून दर सत्राला १,५०० युरो घेते.

घर मिळाल्यावर साधारण दोन आठवड्यांत पालिकेत पत्त्याची नोंदणी, म्हणजे ‘आनमेल्डुंग’, करावी लागते. त्यासाठी घरमालकाच्या सहीचा दाखला हवा. नुसता भाडेकरार चालत नाही, म्हणून खोली ठरवतानाच हा दाखला मिळेल ना, हे विचारून घ्यावे. आणखी एक बारीक पण मोलाची गोष्ट: जर्मन इमारतीत पत्र फ्लॅट क्रमांकावर नव्हे, टपालपेटीवरच्या नावावर पोहोचते. पेटीवर आपले नाव चिकटवलेले नसेल तर सरकारी पत्रेसुद्धा परत जातात.

निवास परवान्याचा अर्ज व्हिसा संपण्याआधी द्यायलाच हवा. मोठ्या शहरांत भेटीची वेळ लवकर मिळत नाही. पण अर्ज मुदतीत केलेला असेल तर निर्णय होईपर्यंतचा तात्पुरता दाखला मिळतो आणि राहणे कायदेशीर ठरते. परवान्यासाठी आरोग्य विमा, विद्यापीठाचा नोंदणी दाखला आणि पुन्हा पैशांचा पुरावा मागतात. तिशीच्या आतल्या विद्यार्थ्यांना सवलतीचा सार्वजनिक विमा घेता येतो.

मार्च २०२४ पासून विद्यार्थ्याला वर्षाला १४० पूर्ण किंवा २८० अर्धे दिवस काम करता येते. विद्यापीठातल्या साहाय्यकाच्या कामाला ही मर्यादा नाही. जर्मन पदवी मिळाल्यानंतर नोकरी शोधण्यासाठी अठरा महिन्यांपर्यंतचा वेगळा परवाना मिळतो आणि त्या काळात पोटापाण्यासाठी कोणतेही काम करायला मुभा असते.