खोलीतील सामानाची मांडणी व मोकळी जागा

पलंग, कपाट, टेबल, बैठक इ. सामान खोलीत कोठे व कसे ठेवावयाचे हे मापे घेऊन आधी ठरविणे आणि वावरण्यासाठी, बसण्या-झोपण्यासाठी सलग फरशी राखणे, यास मांडणी-नियोजन म्हणतात. रंग, पडदे, शोभेच्या वस्तू हा गृहसजावटीचा भाग येथे अभिप्रेत नाही. प्रस्तुत नोंद मुख्यतः मुंबईतील लहान घरांविषयी आहे.

उगम : सामानासह खोलीचा आराखडा तपासण्याची पद्धत कोठून आली याबाबत मतभेद आहेत. तिचे मूळ भारतीय परंपरेत पाहणारे वराहमिहिराच्या बृहत्संहितेतील (सु. सहावे शतक) शय्या व आसने यांच्या प्रकरणाचा आणि मानसार या काळ निश्चित नसलेल्या शिल्पग्रंथाचा आधार देतात. तथापि बृहत्संहितेत पलंगाचे लाकूड, त्याची शुभाशुभ लक्षणे आणि लांबी (राजासाठी १०० अंगुळे) यांची चर्चा आहे. पलंगाभोवती किती जागा सोडावी हा तिचा विषय नाही. दुसऱ्या मताप्रमाणे हा विचार स्वयंपाकघरातून आला. अमेरिकेत गृहव्यवस्थेवर लिहिणाऱ्या कॅथरीन बीचर यांनी १८६९ मध्ये ओटा व फळ्यांची मापशुद्ध रचना मांडली, तर क्रिस्टीन फ्रेडरिक यांनी १९१० नंतरच्या दशकात गृहिणीच्या येरझाऱ्यांच्या रेषा काढून दाखविल्या. वास्तुविशारद मार्गारेट श्युटे-लिहोत्स्की यांचे १९२६ चे, लहान घरांसाठी मापून आखलेले फ्रँकफर्ट स्वयंपाकघर याच परंपरेतील होय.

राहत्या खोलीपुरते पाहता, बर्लिनमध्ये काम करणारे वास्तुविशारद अलेक्झांडर क्लाइन यांच्या १९२७-२८ च्या सुमाराच्या आलेखांना अग्रमान देणे अधिक सयुक्तिक वाटते. एकाच आकाराच्या दोन घरांचे आराखडे शेजारी ठेवून त्यांनी दोन गोष्टी तपासल्या : माणसाच्या ये-जा करण्याच्या वाटा किती वेळा एकमेकींना छेदतात, आणि सामान ठेवल्यावर उरलेली फरशी एकसंध राहते की तिचे तुकडे होतात. यांपैकी दुसरी कसोटी मुंबईच्या घरांना जशी लागू पडते तशी इतर कोणतीही पडत नाही. क्लाइन यांचे आलेख मात्र स्थिर सामान गृहीत धरतात. दिवसा बैठक, दुपारी पंगत आणि रात्री अंथरुणे असा एकाच फरशीचा पालटता वापर त्यांत येत नाही.

मुंबईतील स्थिती : १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ मध्ये स्थापन झालेला इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट आणि १९२० मधील बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट (बी.डी.डी.) यांनी चाळी बांधल्या. बी.डी.डी. चाळींतील खोली सु. १६० चौ. फुटांची आहे. तेथे वळकटी, ट्रंक, भिंतीवरील फळ्या, पोटमाळा आणि गॅलरी यांच्या आधारे रहिवाशांनी स्वतःच मांडणी घडविली. तिची लेखी नोंद फारशी नाही. नोव्हेंबर १९३७ मध्ये इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ आर्किटेक्ट्सने टाऊन हॉलमध्ये भरविलेल्या आदर्श गृह प्रदर्शनात सजवलेल्या खोल्या लोकांसमोर आल्या, पण त्यांचा रोख फ्लॅटमध्ये राहणाऱ्या वर्गाकडे होता. झोपडपट्टी पुनर्वसनातील घर २२५, नंतर २६९ व पुढे ३०० चौ. फूट चटई क्षेत्राचे (भिंतींच्या आतील वापराच्या जागेचे) झाले.

मापे घेणे : खोलीची लांबी-रुंदी जमिनीलगत, कमरेच्या उंचीवर व छताखाली अशी तीन ठिकाणी घ्यावी आणि सर्वांत लहान आकडा खरा मानावा. जुन्या भिंती क्वचितच काटकोनात असतात, म्हणून दोन्ही कर्णही मोजावेत. ते सारखे न आल्यास कोपऱ्यात बसवायचे कपाट भिंतीला चिकटणार नाही. नव्या इमारतीत आराखड्यातील १० फूट गिलावा व स्कर्टिंगनंतर इंच-दोन इंच कमी भरतात. मिस्त्री सुतापर्यंत (८ सूत = १ इंच) माप घेतो ते याचसाठी. दाराची फळी कोणीकडे उघडते, खिडकीची चौकट जमिनीपासून किती उंचीवर आहे, स्विचबोर्ड, बाहेर आलेले खांब आणि तुळईची खालची बाजू हे सर्व आलेख कागदावर (फुटास अर्धा इंच) मांडावे. सामानाचे पुठ्ठे त्याच प्रमाणात कापून सरकवून पाहावेत. शेवटी वर्तमानपत्रे पसरून पलंगाचा आकार प्रत्यक्ष फरशीवर आखावा. कागदावर पुरेशी वाटणारी वाट तेथे अपुरी असल्याचे लगेच कळते.

मुख्य वाटेस ३ फूट आणि पलंगाच्या बाजूस किमान २ फूट लागतात. सोफा व टीपॉय यांत दीड फूट पुरतो. जेवणाच्या टेबलामागे खुर्ची ओढण्यास अडीच ते तीन फूट हवेत. कपाटाचे दीड फूट रुंद पल्ले उघडण्यास दीड फूट लागतात, शिवाय समोर माणूस उभा राहतो, म्हणून एकूण ३ फूट सोडावेत. सरकते पल्ले ही जागा वाचवितात, पण रुळांमुळे कपाटाची खोली दोन-तीन इंचांनी वाढते. हायड्रॉलिक पलंग (आत सामान ठेवण्याचा, वरची फळी उचलली जाणारा) उचलण्यासाठी पायथ्याशी उभे राहावे लागते. तेथे २ फूट नसतील तर आतील सामान वर्षभर निघत नाही.

उदाहरणादाखल १० बाय १२ फुटांची खोली घ्यावी : ५ बाय ६॥ फुटांचा पलंग, ३ बाय १॥ फुटांचे कपाट, आखूड भिंतीच्या टोकास दार आणि समोरच्या भिंतीत खिडकी. पलंगाची उशी लांब भिंतीच्या मध्याशी व कपाट समोरच्या भिंतीला लावल्यास पायथ्याशी २ फूट उरतात, त्यांतील दीड फूट पल्ले खातात; दोन्ही बाजूंस साडेतीन फुटी पट्टे राहतात आणि सर्वांत मोठा सलग तुकडा ३५ चौ. फुटांचा मिळतो. तोच पलंग लांब भिंतीशी समांतर, खिडकीकडील कोपऱ्यात सरकवून कपाट त्याच भिंतीला पलंगाच्या पुढे ठेवले आणि दार समोरच्या अंगास असले, तर ५ बाय १२, म्हणजे ६० चौ. फुटांचा सलग पट्टा मोकळा होतो. त्यात अडीच फुटी दोन अंथरुणे शेजारी-शेजारी पडतात आणि दाराकडील निम्मी जागा तरीही राहते. मोकळी फरशी दोन्हींत ८३ चौ. फूटच आहे. दुसऱ्या मांडणीत भिंतीकडे झोपणाऱ्याला शेजाऱ्यावरून यावे लागते आणि चादर घालणे त्रासाचे होते. चारजणांच्या घरात हा तोटा पत्करण्याजोगा आहे.

हवा व ओल : मुंबईत वारा बहुतेक पश्चिम व नैर्ऋत्येकडून येतो. दार आणि खिडकी यांच्या सरळ रेषेत उंच कपाट आल्यास आरपार हवा बंद होते व पंखा असूनही खोली कोंदते. पावसाळ्यात बाहेरच्या भिंतीला टेकलेल्या कपाटाची पाठ बुरशी धरते. तेथे दोन-तीन इंच फट ठेवावी, शक्य तर कपाट आतल्या भिंतीला लावावे. पश्चिमेच्या खिडकीखाली उशी येऊ देऊ नये.

जागेवर बनविलेल्या सामानाबाबत विशेष दक्षता हवी. प्लायचे ताव ८ बाय ४ फुटांचे असल्याने ते जिन्यातून वर चढतात, पण त्यांचा जोडलेला पलंग चाळीच्या जिन्यातून उतरत नाही. म्हणून पलंगाची चौकट दोन भागांत, बोल्टने जोडलेली करवून घ्यावी. लाकडी तुळयांच्या जुन्या चाळींत भरलेले लोखंडी कपाट व पाण्याचे पिंप खोलीच्या मध्यावर ठेवू नये. तुळया भिंतीत जेथे टेकतात त्या टोकाशी ते ठेवावे, म्हणजे फरशी कमी वाकते.