घबराटीतील शेअर खरेदी

शेअर बाजारात घबराट उडून भाव सरसकट कोसळलेले असताना, संकटात तगून राहतील अशा कंपन्यांचे शेअर उतरलेल्या भावात घेण्याची पद्धत. नुसता भाव पडला म्हणून घेणे हा तिचा प्रचलित पण घातक प्रकार होय.

घबराटीतली पुष्कळशी विक्री मनाविरुद्ध होते. उसन्या पैशावर शेअर धरलेल्यांचे मार्जिन, म्हणजे दलालाकडे ठेवलेली तारणाची रक्कम, संपते आणि दलाल त्यांचा माल विकून टाकतो. लोक पैसे काढू लागले की म्युच्युअल फंडांनाही विकावे लागते. परदेशी संस्था तर अख्ख्या देशातूनच पैसा काढून घेऊ लागतात. ज्याला गिऱ्हाईक मिळते तेच आधी विकले जाते, म्हणून चांगल्या कंपन्यांनाही झळ बसते. सांगली जिल्ह्यातल्या किर्लोस्करवाडीत कारखाना असलेल्या किर्लोस्कर ब्रदर्सचा शेअर मार्च २०२० मध्ये असाच बाजाराबरोबर खाली गेला होता.

भाव नाही म्हणून माल राखून थांबायचे, ही रीत सांगलीला जुनी आहे. राजापुरी हळदीच्या या पेठेतले व्यापारी हरिपूरच्या पेवांत, म्हणजे जमिनीत खोदलेल्या खोल कोठारांत, हळद वर्षानुवर्षे ठेवत. त्यामुळे इथल्या गुंतवणूकदाराला धीर शिकवावा लागत नाही. पण पेवातली हळद हळदच राहते. कंपनी बुडू शकते. शिवाय २००५ च्या महापुरात पेवांतही पाणी शिरले होते. शेअरच्या बाबतीत म्हणूनच धीराच्या आधी तपासणी येते: कर्ज किती, प्रवर्तकांनी, म्हणजे कंपनी चालवणाऱ्या मुख्य मालकांनी, स्वतःचे शेअर गहाण टाकले आहेत का, धंद्यातून रोख पैसा येतो की नफा कागदावरच आहे. दिवाण हाउसिंग फायनान्सचा शेअर पडत गेला तसतसा ‘आता स्वस्त झाला’ म्हणून घेणारे होते. २०२१ मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेतून पिरामल समूहाकडे गेली, तेव्हा जुन्या भागधारकांच्या हाती काहीच आले नाही.

नव्वद टक्के पडलेला शेअर म्हणजे ऐंशी टक्के पडून पुन्हा निम्मा झालेला शेअर. शंभराचा वीसवर आला म्हणून घेतला आणि तो दहावर गेला, तर घेणाऱ्याचे अर्धे पैसे गेले. ‘ॲव्हरेज करू’, म्हणजे स्वस्तात आणखी घेऊन खरेदीचा सरासरी भाव उतरवू, म्हणत खाली खाली घेत जाणाऱ्यांचा घात याच हिशेबाने होतो.

तळ कधी लागेल हेही कळत नाही. २१ जानेवारी २००८ रोजी सेन्सेक्स १,४०८ अंकांनी पडून १७,६०५ वर बंद झाला. तेव्हा घेतलेल्यांनी ९ मार्च २००९ रोजी ८,१६० पाहिले. खरेदीच्या वेळची पातळी परत यायला खरेदीपासून जवळजवळ दोन वर्षे गेली. याउलट २३ मार्च २०२० रोजी सेन्सेक्स एका दिवसात १३ टक्के पडून २५,९८१ वर आला आणि नोव्हेंबरपर्यंत त्याने आधीचा उच्चांक ओलांडला. त्याच आठवड्यात इस्लामपुरात कोरोनाचे रुग्ण सापडले होते. अशा दिवसांत खरेदीचा निर्णय घ्यायला किती धैर्य लागले असेल, हे आज आलेख पाहून समजत नाही.

सांगली-साताऱ्याकडे अशा खरेदीला पैसा पुष्कळदा ऊसबिलाचा किंवा हळद-बेदाण्याच्या पट्टीचा असतो. सोसायटीचे कर्ज नवे-जुने करायचे असेल, लावणीसाठी बेणे आणि खत घ्यायचे असेल, तर तो पैसा मोकळा नव्हे. गरज पडली की तोच शेतकरी पडलेल्या भावात विकायला रांगेत उभा राहतो आणि खालच्या सर्किटला, म्हणजे एका दिवसात भाव पडण्याच्या ठरलेल्या मर्यादेला, अडकलेल्या शेअरला तर गिऱ्हाईकही मिळत नाही. निदान तीन-चार वर्षे लागणार नाही एवढीच रक्कम, तीही हप्त्याहप्त्याने, घालणे हाच त्यातल्या त्यात सुरक्षित मार्ग आहे.

२३ जुलै २०२४ पासून, बारा महिन्यांहून अधिक काळ ठेवलेले शेअर बाजारात विकल्यास वर्षाच्या सव्वा लाखावरील नफ्यावर साडेबारा टक्के आणि बारा महिन्यांच्या आत विकल्यास नफ्यावर वीस टक्के प्राप्तिकर लागू झाला.