कधीच न निघालेलं डेबियन १.० : 'स्टेबल की रोलिंग' या वादाची पार्श्वभूमी

डेबियन या लिनक्स वितरणाची (म्हणजे लिनक्स आणि त्यावरचे प्रोग्राम एकत्र बांधून दिलेल्या संचाची) १.० ही आवृत्ती अधिकृतपणे कधी निघालीच नाही. डिसेंबर १९९५ मध्ये एका सीडी विक्रेत्याने सर्व्हरवरचा, अजून काम चालू असलेला संच उचलला, त्यावर '१.०' असा शिक्का मारला आणि सीडी विकायला काढल्या. लोकांचा गोंधळ नको म्हणून प्रकल्पाने तो आकडाच सोडून दिला आणि जून १९९६ मध्ये थेट १.१ आणली. पुन्हा असं होऊ नये म्हणून तयार होत असलेल्या आवृत्तीच्या फोल्डरला आकड्याऐवजी टोपणनाव देण्याची पद्धत पडली. तेव्हाचे प्रमुख ब्रूस पेरेन्स पिक्सारमध्ये नोकरीला होते, त्यामुळे नावं आली 'टॉय स्टोरी'तल्या पात्रांची. त्यातला खेळण्यांची मोडतोड करणारा शेजारचा पोरगा म्हणजे सिड. रोज नवी पॅकेजेस जिथे येऊन पडतात त्या 'अनस्टेबल' शाखेला पुढे त्याचंच नाव कायमचं चिकटलं.

ठरावीक काळाने गोठवलेली आवृत्ती काढायची, म्हणजे स्टेबल, की नवं तयार होईल तसं सतत देत राहायचं, म्हणजे रोलिंग? सीडीच्या काळात हा प्रश्नच नव्हता. आपल्याकडे अनेकांनी लिनक्स पहिल्यांदा टाकलं ते संगणकाच्या मासिकासोबत आलेल्या सीडीवरून. डायल-अपवर एवढा सगळा ऐवज उतरवणार कोण? सीडी म्हटली की एका दिवशी 'आता बस' म्हणावंच लागतं. त्या दिवसाला फ्रीझ म्हणतात. त्यानंतर नवं काही आत येत नाही, फक्त चुका निस्तरायच्या.

इथेच 'स्टेबल' या शब्दाचा घोळ आहे. ऐकणाऱ्याला वाटतं, म्हणजे कधी न कोसळणारं. डेबियनच्या भाषेत त्याचा अर्थ 'न बदलणारं' एवढाच. सुरक्षेतलं भोक सापडलं तरी सहसा नवी आवृत्ती येत नाही. तेवढाच दुरुस्तीचा तुकडा जुन्या कोडवर बसवतात. याला बॅकपोर्ट म्हणतात. डेबियन ७ मधलं ओपनएसएसएल, म्हणजे इंटरनेटवरचा संवाद कूटबद्ध करणारी लायब्ररी (अनेक प्रोग्राम वापरतात तो सामायिक कोड), म्हणूनच वर्षानुवर्षं '१.०.१ई' राहिलं, बदलत गेलं ते आकड्यामागचं डेबियनचं शेपूट. नुसता आकडा बघून 'तुमचा सर्व्हर जुनाट आहे' असा अहवाल देणारे ऑडिटवाले भेटले की हे पुन्हा पहिल्यापासून समजवावं लागतं.

खरी फाटाफूट झाली ती वाट बघून. डेबियन ३.० आलं जुलै २००२ मध्ये आणि ३.१ आलं थेट जून २००५ मध्ये. जवळपास तीन वर्षं! सिडमधून काही दिवस तावून-सुलाखून निघालेली पॅकेजेस जिथे जमा होतात ती 'टेस्टिंग' शाखा २००० च्या अखेरीसच उघडली होती, तरी पुढची स्टेबल वेळेत निघेना. याच सुमारास दुसरीकडे वेगळ्या वाटा फुटल्या. मार्च २००२ मध्ये कॅनडाच्या जड विनेट यांनी आर्च लिनक्सची पहिली आवृत्ती काढली आणि त्याच महिन्यात जेंटू या आणखी एका वितरणाची १.० आली. ऑक्टोबर २००४ मध्ये डेबियनवरच बेतलेलं उबुंटू आलं ते एसटीच्या वेळापत्रकासारखं : दर सहा महिन्यांनी गाडी सुटणार, ज्याचं सामान बांधून झालं नसेल त्याने पुढची पकडावी. एकच अपवाद लगेच झाला. एप्रिल २००६ ची गाडी जूनमध्ये सुटली, आणि दीर्घ मुदतीच्या आधाराची, म्हणजे एलटीएस, पहिली आवृत्ती तीच.

आर्च हे रोलिंग, म्हणजे त्यात आवृत्ती अशी नसतेच. मूळ लेखकाने नवं सोडलं की थोड्याच दिवसांत ते तुमच्या मशीनवर. एक अट मात्र कडक : अपडेट करायचं तर सगळं एकदम. एखादी लायब्ररी बदलली की तिच्यावर उभे असलेले सगळे प्रोग्राम नव्याने बांधून येतात. त्यातलं एकच उचललं तर बाकीचे लंगडतात. जुलै २०१२ मध्ये आर्चने 'लिब' हे मूळ फोल्डर काढून तिथे नुसता दुवा ठेवला आणि आधीच बजावलं, की अपडेट अडलं तरी जबरदस्ती करू नका. ज्यांनी बातमी न वाचता केली, त्यांचं मशीन पुन्हा सुरूच झालं नाही. रोलिंगमध्ये बातम्या वाचणं हेही देखभालीचंच काम.

ओपनसुसे या वितरणाने यावर वेगळा तोडगा काढला. त्यांच्या टम्बलवीड या रोलिंग शाखेत रोज नवा संच बनतो, पण ओपनक्यूए नावाची स्वयंचलित चाचणी-यंत्रणा तो आधी स्वतःच इन्स्टॉल करून, पडद्यावर काय दिसतंय ते तपासून बघतं; नापास झाला तर तो लोकांपर्यंत जातच नाही. मला हा या सगळ्या इतिहासातला सर्वांत शहाणा शोध वाटतो.

जुनं म्हणजे सुरक्षित की नवं म्हणजे सुरक्षित? इतिहासाने दोन्ही बाजूंना थपडा दिल्या आहेत. एप्रिल २०१४ मध्ये ओपनएसएसएलमधली हार्टब्लीड ही गंभीर चूक उघड झाली तेव्हा डेबियन ६ सहीसलामत सुटलं, कारण त्यातलं ओपनएसएसएल इतकं जुनं होतं की ती चूक त्यात शिरलीच नव्हती. याउलट मे २००८ ची भानगड डेबियनच्याच हातची होती. ओपनएसएसएलमध्ये त्यांनी स्वतः केलेल्या एका दुरुस्तीमुळे कूटबद्धतेच्या गुप्त किल्ल्या अंदाजाने ओळखण्याजोग्या झाल्या, आणि ती चूक स्टेबलमध्येही जाऊन बसली. मूळ कोड जसाच्या तसा देणारे वाचले.

मूळ लेखकांचीही कुरकुर असते. एक्सस्क्रीनसेव्हर या स्क्रीनसेव्हर प्रोग्रामचे लेखक जेमी झविन्स्की २०१६ मध्ये डेबियनवर उखडले, कारण स्टेबलमधल्या जुन्या आवृत्तीमुळे, त्यांनी वर्षांपूर्वी दुरुस्त केलेल्या चुकांच्या तक्रारी अजून त्यांच्याच दारात येत होत्या.

आणि मग मार्च २०२४. एक्सझेड या फाइल दाबून लहान करणाऱ्या (कॉम्प्रेशन) लायब्ररीच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत कुणीतरी चोरवाट पेरली होती. डेबियनच्या स्टेबलमध्ये ५.४.१ होती, तिथे काही झालं नाही. स्टेबलवाल्यांनी कॉलर ताठ केली खरी, पण ही चोरवाट पकडली कुणी? पोस्टग्रेस या डेटाबेसवर काम करणाऱ्या आंद्रेस फ्रॉइंड यांनी. दूरस्थ लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतोय, या एवढ्याशा खटक्यामागे ते लागले होते. आणि ते मशीन चालत होतं सिडवर.