सहनिर्मितीचे खेळ

अनेकांनी मिळून, हाताने काही घडवत, नवी कल्पना शोधण्याचे खेळ. साहित्य साधे असते: कागद, माती, काड्या, दोरा, कात्री. वेळ थोडा आणि ठरलेला असतो, आणि एखादी जाचक वाटणारी अट घातलेली असते. ही अट हाच खेळाचा प्राण होय. ती काढून घेतली की गटातला सर्वांत बोलका किंवा वयाने मोठा माणूस काम ताब्यात घेतो आणि बाकीचे त्याला सामान पुरवत राहतात.

अटीचे बळ घडीच्या चित्रात स्पष्ट दिसते. 1925 च्या सुमारास पॅरिसमधील अतिवास्तववादी, म्हणजे स्वप्ने आणि सुप्त मन यांतून कला घडवू पाहणाऱ्या, कलावंतांनी हा खेळ रूढ केला. आधी तो शब्दांचा होता, पुढे चित्रांचा झाला. उभ्या कागदाचे घड्या घालून तीन भाग करतात. पहिला खेळाडू वरच्या भागात डोके काढतो, मानेच्या दोन रेषा घडीखाली नखभर उतरवतो आणि आपले चित्र दुमडून झाकतो. दुसऱ्याला त्या दोन रेषांखेरीज काही दिसत नाही. तिथून तो धड काढतो, आणि तिसरा खेळाडू पाय काढतो. कागद उलगडल्यावर मोराच्या डोक्याखाली पोलिसाचा गणवेश आणि त्याखाली बैलगाडीची चाके निघू शकतात. अशी आकृती कोणाही एकाला सुचली नसती. दुसऱ्याचे काम न पाहता त्याच्यावर विश्वास टाकायचा, हे इथे करूनच शिकावे लागते.

बडोद्यातील मराठी मुलांना सहनिर्मिती दिवाळीच्या किल्ल्यामुळे लहानपणीच भेटते. विटा-दगड रचून त्यांवर चिखलात बुडवलेली गोणपाटे पसरायची, बुरूज थापायचे, उतारावर हळीव पेरायचे, मग मावळे मांडायचे. हळीव उगवायला तीन-चार दिवस लागतात, म्हणून पेरणीचे काम मागे ठेवून चालत नाही. भांडण बहुधा दरवाजा कुठे असावा यावर होते आणि ते मातीतच मिटते, कारण बुरूज मोडून दुसरीकडे थापायला पाच मिनिटे पुरतात. चूक स्वस्त असणे ही अशा सर्व खेळांची गरज आहे. महागड्या साहित्याने हात आखडतात.

प्रौढांच्या पातळीवर हीच वृत्ती बडोद्याच्याच महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या ललित कला विद्याशाखेत रुजली. 1950 मध्ये सुरू झालेल्या या शाखेत मूळचे इंदूरचे ना. श्री. बेंद्रे चित्रकला, तर शंखो चौधुरी शिल्पकला शिकवीत. शांतिनिकेतनात शिकलेले के. जी. सुब्रमण्यन 1951 मध्ये तिथे आले. 1960 च्या दशकात सुरू झालेल्या फाइन आर्ट्स फेअर या जत्रेसाठी विद्यार्थी आणि शिक्षक मिळून खेळणी, मुखवटे, बाहुल्या व शोभेच्या वस्तू बनवत आणि त्या लोकांना विकत. सुब्रमण्यन यांनी जत्रेसाठी लाकडाची खेळणी केली. नामांकित चित्रकार आणि पहिल्या वर्षाचा विद्यार्थी यांच्यासमोर तेच लाकूड, तोच डिंक आणि उद्याच्या विक्रीची तीच घाई असे. गुरू-शिष्यातील अंतर कमी करायला याहून चांगली रीत क्वचितच सापडेल. याच शहरातील कीर्तिमंदिरात, म्हणजे गायकवाड घराण्याच्या स्मारकात, शांतिनिकेतनचे कलागुरू नंदलाल बोस यांची भित्तिचित्रे आहेत. मात्र तिथे आराखडा गुरूचा होता. जत्रेतल्या खेळण्यांना तसा एक धनी नव्हता, आणि सहनिर्मितीच्या दृष्टीने हा फरक मोठा आहे.

अलीकडे कार्यालयीन प्रशिक्षणात मनोऱ्याचा खेळ लोकप्रिय आहे. पीटर स्किलमन यांनी तो रचला आणि टॉम वूजेक यांनी प्रसिद्धीस आणला. चौघांच्या गटाला स्पगेटीच्या (शेवयांसारख्या लांब, सुक्या) 20 काड्या, एकेक यार्ड चिकटपट्टी व दोरा आणि एक मार्शमॅलो (मऊ, फुगीर गोळी) मिळतो. 18 मिनिटांत सर्वांत उंच मनोरा उभारून मार्शमॅलो टोकावर बसवायचा असतो. वूजेक यांच्या निरीक्षणानुसार बालवाडीतली मुले व्यवस्थापनाच्या नव्या पदवीधरांपेक्षा सरस ठरतात. पदवीधर नेतृत्वाचा निकाल लावून आराखडा करण्यात वेळ घालवतात आणि मार्शमॅलो अगदी शेवटी ठेवतात. त्याच्या वजनाने मनोरा कोसळतो. मुले तो सुरुवातीपासून टोकावर ठेवून पाहतात, पडले की पुन्हा बांधतात. स्पगेटीऐवजी खराट्याचे हीर आणि मार्शमॅलोऐवजी छोटे लिंबू घेऊनही हा खेळ खेळता येतो. हीर लवचीक असल्याने पायाला तिकटीचा आधार द्यावा लागतो.

खेळ घेणाऱ्याने मध्ये पडून सूचना देऊ नयेत. गट चार-पाच जणांपेक्षा मोठा झाल्यास काहींचे हात रिकामे राहतात. शेवटी कोणी काय केले यापेक्षा कोणाची कल्पना कोणी पुढे नेली, हे खेळाडूंनाच विचारावे.