निमंत्रण राजाचे, निर्णय सरकारचा

अमेरिकेच्या १७७६ च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यातल्या तक्रारींचा रोख ब्रिटनच्या राजावर होता. त्याच राजाने १७८५ मध्ये नव्या देशाच्या पहिल्या प्रतिनिधीला दरबारात बोलावून घेतले. गादीवर असलेल्या ब्रिटिश राजाचे पाय अमेरिकेला लागायला मात्र जून १९३९ उजाडले. युद्ध तोंडावर आले होते आणि अमेरिकेचे तटस्थतेचे कायदे ब्रिटनच्या आड येत होते. न्यूयॉर्क राज्यातल्या हाइड पार्क इथे, राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांच्या घरच्या सहलीत राजाने हॉट डॉग खाल्ले, त्याची बातमी पहिल्या पानावर झळकली. कायदे लगेच बदलले नाहीत, पण लोकांचा परकेपणा कमी झाला. १९५६ च्या सुएझ कालव्याच्या संघर्षात दोन्ही देशांत आलेल्या कडवटपणानंतर १९५७ मध्ये राणीला पाठवले, तेही याच कामासाठी.

खरा गुंता 'स्टेट व्हिजिट' या शब्दाचा आहे, म्हणजे परदेशी राष्ट्रप्रमुखाला राजाच्या नावाने बोलावून पूर्ण मानाने केलेल्या पाहुणचाराचा. मराठीत कोणी 'शासकीय भेट' लिहितो, कोणी 'राजकीय'. 'राजकीय' म्हणजे राजाचे की राजकारणाचे, हा प्रश्न लंडनलाही सुटलेला नाही. १९१८ मध्ये अमेरिकी राष्ट्राध्यक्ष विल्सन बकिंगहॅम राजवाड्यात उतरले, १९८२ मध्ये रेगन राणीसोबत विंडसरला घोड्यावरून फिरले. पण या भेटी स्टेट व्हिजिट धरल्या जात नाहीत. अमेरिकी राष्ट्राध्यक्षाला तो मान पहिल्यांदा २००३ मध्ये मिळाला. निमंत्रणावर नाव राजाचे असते, कोणाला बोलवायचे हे सरकार ठरवते. राजा नाही म्हणू शकत नाही.

जानेवारी २०१७ मध्ये हे उघडे पडले. आधीच्या दोघा राष्ट्राध्यक्षांना, बुश आणि ओबामा यांना, हा मान सत्तेवर आल्यावर दोन वर्षे उलटून गेल्यावर मिळाला. या वेळी पंतप्रधान थेरेसा मे यांनी ट्रम्प यांना सत्तेवर आल्यापासून आठवड्याभरात निमंत्रण दिले. विरोधातल्या अर्जावर अठरा लाखांहून अधिक सह्या झाल्या, संसदेत चर्चा झाली. परराष्ट्र खात्याच्या एका माजी सचिवाने राणीला अवघड जागी आणल्याचे जाहीरपणे सांगितले, आणि ते बरोबरच होते. जिला मत मांडायची मुभा नाही, तिच्या नावाने घाईचे राजकारण झाले. भेट झाली ती २०१९ मध्ये.

राष्ट्राध्यक्षाला दुसऱ्या कार्यकाळात पुन्हा स्टेट व्हिजिट द्यायची नाही, चहा किंवा जेवणावर भागवायचे, असा शिरस्ता होता. फेब्रुवारी २०२५ मध्ये तोही मोडला. जकात आणि युक्रेनची बोलणी चालू असताना पंतप्रधान स्टार्मर यांनी खिशातून राजाचे पत्र काढून पुन्हा निवडून आलेल्या ट्रम्प यांच्या हाती दिले. सप्टेंबरमध्ये भेट झाली, तेव्हा मिरवणुकीच्या बग्ग्या विंडसरच्या आवारातच फिरल्या. रस्त्यावर लोक नव्हते. संसदेला सुट्टी होती, त्यामुळे तिथले भाषणही झाले नाही.