तलफ येण्याआधी

जेवण झालं, हात धुतला, की माझे मामा ओसरीवर येऊन टेकायचे. कोपरीच्या खिशातून चंची निघायची. डाव्या तळहातावर चिमूटभर तंबाखू, त्यावर डबीतला नखभर चुना, मग उजव्या अंगठ्यानं एकसारखं रगडणं. दोन थापट्या मारल्या की भुकटी उडून जायची आणि उरलेला बार खालच्या ओठाच्या आत जायचा. तोवर मामा कुणाशी बोलत नसत. मी लहानपणी टक लावून ते बघत बसायचो. बत्तीस वर्षं हे चाललं. चार वर्षांपूर्वी त्यांनी तंबाखू सोडली.

ती सुटली कशी, हे समजून घेताना मला आधी चुन्यापाशी थांबावं लागलं. चुना चवीसाठी असतो असं मला वाटायचं. खरं कारण रसायनातलं आहे. तंबाखूतलं निकोटिन आम्लधर्मी वातावरणात विद्युतभारित रूपात राहतं, आणि त्या रूपात ते तोंडाच्या नाजूक अस्तरातून सहज आत शिरू शकत नाही. चुन्यामुळे तोंडातलं मिश्रण अल्कधर्मी होतं, निकोटिन मोकळं होतं आणि गालाच्या, ओठाच्या आतल्या त्वचेतून थेट रक्तात उतरतं. पोटात गेलेल्या निकोटिनचा बराचसा भाग यकृत आधीच मोडून टाकतं. ओठात धरलेला बार यकृताचा हा पहारा चुकवतो. पिढ्यान्‌पिढ्या तळहातावर चाललेलं हे रगडणं म्हणजे औषध शरीरात पोचवण्याची एक अतिशय कार्यक्षम पद्धत आहे. तिनं पोचवलेला माल मात्र घातक आहे. तंबाखूतली नायट्रोसअमाईन नावाची रसायनं तोंडाच्या पेशींमध्ये कर्करोगाची बीजं पेरतात.

रक्तात गेलेलं निकोटिन साधारण दोन तासांत निम्म्यावर येतं. मामांच्या दिवसाचं वेळापत्रक या आकड्यावर आखलेलं होतं, फक्त त्यांना ते ठाऊक नव्हतं. पहाटे चार, न्याहारीनंतर, दहाचा चहा, दुपारचं जेवण, असं ते चालायचं. रात्रभरात रक्तातलं बहुतेक निकोटिन संपून जातं, म्हणून सकाळची तलफ सगळ्यात जोरकस. ‘बार भरल्याशिवाय पोट साफ होत नाही’ हे वाक्य महाराष्ट्रात ऐकलं नाही असा माणूस विरळा. ते खोटं नाही. निकोटिननं आतड्याची हालचाल वाढते, आणि ते अचानक बंद केलं की बद्धकोष्ठ होऊ शकतं. पण म्हणून तंबाखू पोटाचं औषध ठरत नाही. आतड्याला तिची सवय तिनंच लावलेली असते.

‘डोकं शांत होतं’ याचीही हीच कथा. दोन तासांनी जी चिडचिड सुरू होते ती मागच्या बाराचीच असते. नवा बार ती मिटवतो आणि श्रेय घेऊन जातो. धूम्रपान सोडलेल्या लोकांच्या अभ्यासात दिसतं, की सुरुवातीचे आठवडे गेल्यानंतर त्यांची चिंता आणि उदासी पूर्वीपेक्षा कमी झालेली असते. वर्षानुवर्षं आपण ज्याला आधार समजत होतो, तोच पाय ओढत होता, हे कळायला माणसाला ते आठवडे पार करावे लागतात.

२०१६-१७ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात महाराष्ट्रातले २४.४ टक्के प्रौढ धूर न करणारी तंबाखू वापरत होते, म्हणजे जवळपास चौघांतला एक. यात मशेरी आली. तव्यावर काळी होईपर्यंत भाजलेली, बोटानं दातांवर घासली जाणारी मशेरी दात स्वच्छ करते असं समजून कितीतरी बाया आयुष्यभर लावतात, गरोदरपणातही. मुंबईत झालेल्या अभ्यासात अशा मातांच्या बाळांचं वजन सरासरी शंभर ग्रॅमनं कमी भरलं. त्या बायांना कुणी व्यसनी म्हणत नाही, म्हणून त्यांना मदतही कुणी देत नाही. मला याचं फार वाईट वाटतं.

आता तलफेकडे येतो. स्वित्झर्लंडमधल्या फ्रिबूर इथे वोल्फराम शुल्ट्झ या शास्त्रज्ञानं १९९० च्या दशकात माकडांच्या मेंदूतल्या डोपामिन पेशींचं, म्हणजे डोपामिन हे निरोप पोचवणारं रसायन सोडणाऱ्या पेशींचं, निरीक्षण केलं. माकडाला अचानक फळाचा रस मिळाला की या पेशी जोरात चेतायच्या. मग दर वेळी रसाच्या आधी दिवा लावायला सुरुवात केली. काही दिवसांत पेशी रसाला प्रतिसाद देईनाशा झाल्या आणि दिवा लागताक्षणीच चेतू लागल्या. आणि दिवा लागूनही रस आला नाही, तर नेमक्या त्या क्षणी त्यांची हालचाल नेहमीपेक्षाही खाली गेली.

हे वाचलं आणि मला मामांची ओसरी दिसली. जेवून उठणं, ओल्या हातांनी ओसरीवर टेकणं, हा त्यांचा दिवा. बार ओठात जाण्याच्या कितीतरी आधी मेंदूत सगळं घडून गेलेलं असायचं. आणि ओसरीवर बसून बार न भरणं म्हणजे तो खाली जाणारा क्षण रोज तीन-चार वेळा ओढवून घेणं.

मामांनी पहिल्या दोन खेपांना नेमकं तेच केलं होतं. चंची खिशातच ठेवायची आणि खायची नाही. ‘खिशात असून खात नाही, त्याला म्हणायचं निग्रह,’ असं ते पारावर सांगायचे. दोन्ही वेळा तिसऱ्या दिवशी बांध फुटला. निकोटिन बंद केल्यावर पहिल्या दोन-तीन दिवसांत त्रास शिगेला पोचतो, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. लोक म्हणाले, मनच खंबीर नाही. तिन्हीत्रिकाळ शेतात राबणाऱ्या, कर्जाचा पै न्‌ पै फेडलेल्या माणसाला असं म्हणणं मला तेव्हाही पटलं नाही आणि आता तर अजिबात पटत नाही.

संयमी माणूस मोहाशी सतत झुंजत असतो आणि जिंकत असतो, असं चित्र आपण मनात बाळगतो. जर्मनीत २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दोनशेहून अधिक प्रौढांना दिवसभरात अधूनमधून विचारलं गेलं, की आत्ता कसली इच्छा होते आहे आणि तुम्ही तिच्याशी झगडताय का. ज्यांच्या अंगी आत्मसंयम जास्त, त्यांच्या वाट्याला असे झगडे कमी आलेले आढळले. झुंजीचा प्रसंगच येऊ नये, अशी त्यांच्या दिवसाची घडी दिसत होती.

जागेचा प्रभाव किती मोठा असतो, याचा सगळ्यात धक्कादायक पुरावा तंबाखूच्या बाहेरचा आहे. १९७१ मध्ये व्हिएतनाममधून परतणाऱ्या अमेरिकन सैनिकांपैकी सुमारे वीस टक्क्यांनी तिथे हेरॉइनसारख्या अमली पदार्थांच्या आहारी गेल्याचं सांगितलं. ली रॉबिन्स या संशोधिकेनं त्यांचा पाठपुरावा केला. तिकडे आहारी गेलेल्यांपैकी पहिल्या वर्षात साधारण पाच टक्केच पुन्हा त्या गर्तेत पडले, तीन वर्षांत साधारण बारा टक्के. त्या काळी अमेरिकेतच व्यसन लागलेली, उपचार घेऊन पुन्हा त्याच गल्लीत परतणारी माणसं मात्र मोठ्या संख्येनं पुन्हा घसरत होती. सैनिकांचे सगळे ‘दिवे’ हजारो मैलांवर राहिले होते. हे एकमेव कारण नव्हतं, पण फार मोठं कारण होतं.

मामा गाव सोडून जाऊ शकत नव्हते. तिसऱ्या खेपेला मामींनी तोडगा काढला. ताटावरून उठायचं ते ओसरीवर यायचंच नाही, मागच्या दारानं थेट गोठ्यात जाऊन म्हशीला पाणी दाखवायचं. तलफेची एक लाट बहुधा काही मिनिटांत ओसरते, आणि दोन बादल्या पाणी शेंदायला तेवढा वेळ लागतोच. चंची चुलीत गेली. पारावरची बैठक दोन महिने बंद. तालुक्याच्या दंतवैद्यांनी निकोटिनचं च्युइंग गम दिलं आणि बजावलं, की चहाकॉफी झाल्यावर पंधरा मिनिटं ते तोंडात घालू नका. कारण पुन्हा तेच. चहाकॉफीनं तोंड आम्लधर्मी होतं आणि निकोटिन आत शिरत नाही. गमात मुद्दाम अल्कधर्मी क्षार घातलेले असतात. चुन्याचं काम इथेही आहेच, फक्त कर्करोग करणारी पानं नाहीत आणि मात्रा हळूहळू उतरवता येते. सरकारच्या १८००-११-२३५६ या मोफत क्रमांकावरही तंबाखू सोडणाऱ्यांना समुपदेशक मिळतात. मामांना तो उशिरा कळला.

सातव्या महिन्यात एका लग्नात ते घसरले. पंगत उठली होती, मांडवाच्या कडेला पाचसहा जण टेकले होते, आणि शेजारच्यानं मळलेला तळहात पुढे केला, ‘घ्या पाव्हणं’. आमच्याकडे पुढे आलेला हात नाकारणं हा अपमान समजतात. मामांनी चिमूट उचलली. घरी येऊन दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत.

मेंदू जुनी सांगड पुसत नाही, तिच्यावर नवी शिकवण चढवतो, आणि ती नवी शिकवण बरीचशी जागेशी बांधलेली असते. मामांचा मेंदू आपल्या घरी शिकला होता, मांडवात शिकला नव्हता. सात महिने त्यामुळे फुकट गेले नाहीत. तिसऱ्या दिवशी ते जेवून उठले आणि मागच्या दारानं बाहेर पडले. पुढच्या लग्नाला जाताना मामींनी खिशात बडीशेपेची पुडी दिली, हात पुढे आला की आपली पुडी पुढे करायला.

गेल्या महिन्यात गावी गेलो होतो. आता ते जेवणानंतर ओसरीवर बसतात. गप्पा मारता मारता माझं लक्ष त्यांच्या हातांकडे गेलं. डावा तळहात उघडा, रिकामा, आणि उजवा अंगठा त्यावर फिरत होता.

“मामा, तलफ येते का अजून?”

त्यांनी हाताकडे पाहिलं. “तलफ न्हाई रं. हात हाय त्यो, चालतो आपला.” मग उठले आणि बादली घेऊन गोठ्याकडे गेले.