रुईच्या फुलातली कावड

घराजवळ फुलपाखरांसाठी बाग करायची हौस हल्ली वाढते आहे, आणि ते चांगलंच आहे. पण रोपवाटिकेत गेलं की बहुतेकांच्या हातात पडतं ते हळदीकुंकू, म्हणजे मूळ उष्ण कटिबंधीय अमेरिकेतलं लाल-पिवळ्या झुबक्यांचं झाड. त्यावर अळ्या वाढतात हे खरं. पण त्याच कुळातली, इथल्याच मातीतली, वर्षानुवर्षं टिकणारी आणि पाण्याचा थेंब न मागता भर उन्हाळ्यात फुलणारी रुई कुंपणाबाहेर उभी असते. जागा साफ करताना सगळ्यात आधी तिचीच गच्छंती होते. मला याचं फार वाईट वाटतं, कारण परागीभवनाची इतकी नेमकी यंत्रणा नुसत्या डोळ्यांना दाखवणारं दुसरं रानफूल आपल्याकडे शोधूनही सापडायचं नाही.

आधी ओळख. आपण सरसकट रुई म्हणतो त्यात दोन जाती येतात. कॅलोट्रॉपिस जायगँटियाच्या पाकळ्या पूर्ण उघडून मागे वळतात, तर कॅलोट्रॉपिस प्रोसेराच्या पाकळ्या उभ्या, वाटीसारख्या राहतात आणि त्यांची टोकं गडद जांभळी असतात. प्रोसेरा राजस्थानासारख्या कोरड्या मुलखात जास्त. रंगावर मात्र विसंबू नका. जायगँटियाची फुलं फिकट जांभळी असतात तशी पांढरीही असतात. पांढऱ्या फुलांच्या रुईला मांदार म्हणतात आणि तिच्या मुळात गणपती असतो असं सांगून ती मुळं विकली जातात. फुलाचा पांढरा रंग हा एकाच जातीतला साधा फरक आहे, आणि मुळाला मिळालेला आकार जमिनीतल्या दगडमातीचा किंवा विकणाऱ्याच्या चाकूचा. मारुतीच्या माळेसाठी पानं तोडली तर झाड पुन्हा फुटतं. मूळ खणून काढलं की सगळं झाडच गेलं.

आता फुलाकडे. जास्वंदीला बोट लावलं की पिवळी भुकटी बोटावर येते. रुईच्या फुलावर बोट कितीही फिरवा, काही लागत नाही. पाच पाकळ्यांच्या मधोमध पाच कंगोऱ्यांचा एक मेणचट मुकुट असतो. पुंकेसर आणि कुक्षी एकमेकांत मिसळून त्याच्या आत एक आखूड खांब तयार झालेला असतो. खांबाच्या माथ्यावर पंचकोनी चकती असते. तिच्या प्रत्येक कोपऱ्यापाशी भिंग धरून पाहिलं, तर काळपट तपकिरी रंगाचा एक बारीक ठिपका दिसेल. त्या ठिपक्याच्या बरोबर खाली एक उभी, अरुंद फट असते.

एक बारीक सुई घ्या. ती फटीत खालून घाला आणि हळूच वर ओढा. ठिपका सुईला धरूनच बाहेर येतो आणि त्याच्या दोन्ही बाजूंना एकेक चपटी पिवळी पिशवी लोंबत असते, अगदी कावडीसारखी. ठिपका हा मधे चीर असलेला एक कडक चिमटा आहे, आणि पिशव्या म्हणजे परागपुंज, शास्त्रीय भाषेत पोलिनिया. एकेका परागपुंजात शेकडो परागकण एकत्र बांधलेले असतात. गंमत अशी की एका कावडीची दोन टोकं एकाच पुंकेसरातून आलेली नसतात. डावीकडच्या पुंकेसराचा उजवा परागपुंज आणि उजवीकडच्या पुंकेसराचा डावा परागपुंज मिळून एक जोडी होते. पुंकेसर पाच, परागपुंज दहा, कावडी पाच.

सुईचं काम निसर्गात करतो तो मोठा काळा भुंगा, झायलोकोपा. मुकुटाच्या पायथ्याशी साठलेला मध पिताना तो गुळगुळीत फुलावर पाय रोवायला जागा शोधतो. पाय फटीत सरकतो. फटीच्या दोन्ही कडा कडक असल्यामुळे पायाला बाजूला सरकता येत नाही, वरच जावं लागतं, आणि वर चिमटा बसलेला असतो. भुंगा जोर लावून पाय उपसतो तेव्हा कावड पायाला लागून निघते. हवेत तिचे दांडे सुकून पिळतात आणि परागपुंजांची दिशा बदलते. पुढच्या फुलाच्या फटीत आता ते नेमक्या बाजूने शिरतात, आतल्या कप्प्यात अडकून तुटतात, आणि तिथेच परागनलिका फुटून अंडाशयाकडे निघतात. छोट्या माश्या आणि मुंग्या मधावर येतात, पण हे उपसण्याचं बळ त्यांच्यात नसतं.

पराग असे गठ्ठ्याने पाठवण्याची युक्ती वनस्पतींमध्ये ठळकपणे दोनच गटांना साधली आहे, आमरींना, म्हणजे ऑर्किडना, आणि रुईच्या गणगोताला. या दोघांचा जवळचा संबंध नाही, दोघांनी ती स्वतंत्रपणे मिळवली. वनस्पतिशास्त्रज्ञ रॉबर्ट ब्राऊन यांनी १८३१ मध्ये लंडनच्या लिनियन सोसायटीपुढे या दोन्ही गटांच्या फलनावर निबंध वाचला. पेशीतल्या केंद्रकाला न्यूक्लियस हे नाव त्याच निबंधात मिळालं.

या युक्तीत जोखीम मोठी आहे. भुकटी थोडी थोडी अनेक फुलांना वाटता येते, गठ्ठा मात्र योग्य जागी पोचला तर सगळा पोचतो, नाहीतर सगळा वाया जातो. म्हणून झाडावर फुलांचे घोस दिसतात आणि बोंडं मोजकीच.

लावायला रुई सोपी आहे, फक्त तिचं सोटमूळ खोल जातं. मोठं झाड उपटून आणू नका, ते बहुधा जगत नाही. ताजं बी जागेवरच पेरा किंवा उंच पिशवीत रुजवून रोप लहान असतानाच लावा. दिवसभर ऊन आणि पाण्याचा निचरा होणारी, मुरमाड असली तरी चालेल अशी जमीन हवी. रोज पाणी घालून मुळं कुजवू नका. पिवळा मावा येईल, पानं कुरतडणाऱ्या काळ्या-पांढऱ्या-पिवळ्या पट्ट्यांच्या अळ्याही येतील. फवारणी अजिबात करू नका, त्या अळ्या प्लेन टायगर फुलपाखराच्या आहेत. चिकापासून डोळे जपा. चीक डोळ्यात गेला तर पारपटलाला इजा होते, तेव्हा भरपूर पाण्याने धुऊन थेट डॉक्टरकडे जा. दातदुखीपासून कानदुखीपर्यंत चिकाचे जे उपाय मोबाइलवर फिरतात, ते करू नका.

भुंग्याला घरही लागतं. त्याची मादी वाळक्या लाकडात बोगदा कोरून अंडी घालते, तेव्हा बागेतला एखादा सुका ओंडका तसाच राहू द्या. बोंड वाळून उकलायच्या बेताला आलं की त्यावर पातळ कापड बांधा, नाहीतर रेशमी तंतूंवर बसून सगळं बी वाऱ्याबरोबर जाईल. एका बोंडातलं बी बहुतेक वेळा एकाच परागपुंजाचं, म्हणजे एकाच बापाचं असतं. चार रोपं लावणार असाल तर बी चार वेगवेगळ्या झाडांवरून गोळा करा.